दहा दिवसांचे मौन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



“तुम्ही ध्यानाच्या शिबिराला जाऊन आलात, त्याविषयी चार शब्द सांगा,” असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही विदुषी नव्हे. बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना पाढे शिकविले, एवढीच माझी विद्या. ध्यानाच्या बाबतीत तर मी अजून पहिलीच्याच वर्गात आहे. तसे मी बोलूनही दाखविले. त्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, “पहिलीतल्या अडचणी पहिलीतल्या मुलालाच ठाऊक असतात.” यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून आज आपल्यापुढे उभी आहे.

आपल्या मंडळात सर्व प्रकारच्या घरांतल्या भगिनी आहेत. मी बौद्ध घरातली. तेव्हा मी जे सांगणार ते माझ्या घरच्या भाषेत सांगणार, हे उघड आहे. परंतु मला कोणाला कोणत्या धर्मात बोलवायचे नाही. श्वास हा सर्वांच्याच नाकातून जातो-येतो, आणि मन सर्वांचेच उधळते.

माझी आई १९५६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात गोंदियाहून गाडीत बसून नागपूरला गेली होती. १४ ऑक्टोबरचा तो दिवस ती आम्हाला वारंवार सांगे. पुढे आमचे बालपण विहाराच्या सावलीत गेले. त्रिशरण, पंचशील तोंडपाठ झाले. वर्षावासाचे तीन महिने बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन विहारात चाले, ते आम्ही आईच्या मांडीवर पेंगत ऐकले. हे सर्व फार चांगले झाले. त्याने आम्हाला ताठ मानेने उभे राहायला शिकविले. मात्र एक गोष्ट राहून गेली होती. उभे राहायला शिकलो, तोंडाने म्हणायला शिकलो, परंतु स्वस्थ बसायला शिकलो नव्हतो. साठी उलटेपर्यंत मी पाच मिनिटे डोळे मिटून एका ठिकाणी बसले असेन, असे मला आठवत नाही. आणि मला वाटते, येथे बसलेल्या पुष्कळ जणींची गोष्ट हीच असेल.

ध्यान ही रिकामटेकड्या माणसाची गोष्ट आहे, असा आपल्यात एक समज आहे. दुसरा समज असा की ती घर सोडणाऱ्याची गोष्ट आहे. दुसऱ्या समजाला थोडा आधार आहे, हे नाकारता येणार नाही. सिद्धार्थ गौतमाने घर सोडले तेव्हा राहुल तान्हा होता. आपल्या मराठीतील बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे गोव्यातील साखवळ गावचे. ते १८९९ साली ज्ञानाच्या शोधात बाहेर पडले तेव्हा पत्नी बालाबाई आणि लहानगी मुलगी घरी होत्या. त्यांनी पुढे काशी, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घालून जे आणले, ते मराठी वाचकांवर मोठे उपकार आहेत. ‘समाधिमार्ग’ या नावाचे त्यांचे पुस्तक याच विषयावर आहे. तथापि ते पुस्तक हाती घेतले की मला बालाबाईंची आठवण होते. त्या तेवढी वर्षे चूल पेटवीत राहिल्या, म्हणून हे पुस्तक आपल्याला मिळाले. बाईने घर सोडायचे म्हटले तर मागे चूल कोणी पेटवायची? हा प्रश्न मी आत्ता तसाच ठेवते. भाषणाच्या शेवटी त्याच्याकडे परत येईन.

प्रथम, हे शिबिर म्हणजे काय ते सांगते. सत्यनारायण गोयंका यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकले असेल. त्यांचा जन्म १९२४ सालचा, ब्रह्मदेशातील मंडाले शहरातला. घर व्यापाऱ्याचे. अर्धशिशीच्या दुखण्याने ते बेजार झाले होते. रंगूनला ऊ बा खिन नावाचे एक सरकारी हिशेबखात्यातील मोठे अधिकारी होते. ते संसारी गृहस्थ होते, आणि ध्यान शिकवीत असत. त्यांच्याकडे गोयंका हे शिकले. १९६९ साली ते भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईला त्यांनी पहिले दहा दिवसांचे शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी हे मोठे केंद्र चालू आहे. गोयंकाजी २०१३ साली वारले, तरी शिबिरे त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीनेच चालतात. १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात एकाच वेळी हजारावर कैदी अशा शिबिराला बसले होते. घर सोडून वनात जाणाऱ्यांपुरती ही विद्या नाही, हे त्यावरून दिसते.

गोंदियाकरांना यासाठी इगतपुरीपर्यंत जावे लागत नाही. नागपूरजवळ माहुरझरी येथे धम्म नाग हे केंद्र आहे. मी तेथे गेले. शिबिराची फी नसते. राहणे, जेवण, सर्व काही आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानातून चालते. बायकांची व पुरुषांची व्यवस्था अगदी निराळी असते. पंचशील पाळावे लागते. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन असते, आणि ते नुसत्या जिभेचे नव्हे. शेजारच्या बाईशी डोळ्यांनी, हातवाऱ्यांनीही बोलायचे नाही. फोन, वही, पुस्तक सर्व आधीच जमा करायचे. काही अडले तर शिकविणाऱ्यांना किंवा व्यवस्थेतील बाईंना हळू आवाजात विचारता येते.

पहाटे चारला घंटा होते. साडेचारपासून बैठक सुरू. साडेसहाला न्याहारी, अकराला जेवण, सायंकाळी पाचला चहा आणि फळ. रात्रीचे जेवण नाही. नऊच्या पुढे प्रश्न विचारणाऱ्यांनी विचारायचे आणि साडेनऊला दिवे मालवायचे. मधले सुमारे दहा तास बसायचे. पहाटे चारला उठण्याची भीती मला मुळीच वाटली नाही. ते आपण जन्मभर करीत आलो आहोत. भीती वाटली ती उठल्यावर काहीच काम नसण्याची! पहिल्या सकाळी हात नुसते सैरभैर झाले होते. केरसुणी शोधत होते म्हणा ना.

पहिले साडेतीन दिवस एकच काम असते. त्याला आनापान म्हणतात. नाकाशी आत येणारा व बाहेर जाणारा श्वास जाणायचा. श्वास लांब घ्यायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही, कोणाचे नाव घ्यायचे नाही. जसा आहे तसा जाणायचा. लक्ष ठेवण्याची जागा हळूहळू लहान करीत नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर, एवढ्याशा टिचभर जागेवर आणायची. ही झाली चित्ताची एकाग्रता, म्हणजे समाधी. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. तेव्हा त्या एकाग्र झालेल्या मनाने सर्वांगावरील संवेदना पाहायच्या असतात. सुई जमिनीवर सांडलेली असली तर आधी दिवा हवा, मग शोध. आनापान हा दिवा, विपश्यना हा शोध, असे मी माझ्यापुरते समजून घेतले आहे.

जुन्या ग्रंथांत एकाग्रतेचा विचार फार सविस्तर केलेला आहे. आचार्य बुद्धघोष यांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला. त्यात मन स्थिर करण्याची चाळीस साधने दिली आहेत, आणि श्वास हे त्यांपैकी एक. ब्रह्मदेशात पा-औक येथील विहारात आजही ही चाळीस साधने शिकविली जातात, आणि साधक महिनोन्‌महिने तेथे राहून समाधीचा अभ्यास करतात. आपल्या दहा दिवसांच्या शिबिरात तेवढी खोल समाधी साधायची नसते. सुरीला धार येण्यापुरती ती हवी असते. आणि हे सर्व बाहेरून आपल्याकडे आले आहे असेही कोणी समजू नये. आपला जिल्हा १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता. त्या भंडाऱ्यातील पवनी येथे, वैनगंगेच्या काठी, १९६९-७० साली उत्खनन झाले तेव्हा प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले. ज्या वैनगंगेचे पाणी आपण पितो, तिच्याच काठी दोन हजार वर्षांपूर्वी ही वंदना होत होती.

बुद्धवचनांत मनाच्या पाच अडथळ्यांना पाण्याच्या भांड्याची उपमा दिली आहे. भांड्यातील पाण्यात आपला चेहरा पाहायचा आहे. पण पाण्यात रंग कालवला असेल तर चेहरा दिसत नाही, ती वासना. पाणी उकळत असेल तर दिसत नाही, तो राग. शेवाळ दाटले असेल तर दिसत नाही, तो आळस. वाऱ्याने लाटा उठत असतील तर दिसत नाही, ती चंचलता व रुखरुख. पाणी गढूळ करून अंधारात ठेवले असेल तर दिसत नाही, ती शंका. आपण तर तलावांच्या मुलखातल्या बायका. नवेगावबांध, बोदलकसा पाहिलेल्या, गावोगावच्या बोडीवर धुणे धुतलेल्या. ही उपमा आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. शेवाळलेली बोडी आणि भर वाऱ्यातला तलाव यांतला फरक आपल्याला डोळे मिटूनही कळतो.

यातील चौथ्या पाण्याविषयी मला जे सांगायचे आहे, ते मी आजवर चारचौघींत बोलले नव्हते.

माझ्या सासूबाई चार वर्षे अर्धांगवायूने अंथरुणावर होत्या. त्यांची वाचा गेली होती, परंतु ऐकू सर्व येत होते. शाळा सांभाळून त्यांचे सर्व मीच केले. येथे बसलेल्या शेजारणींनी ते पाहिले आहे, आणि “सून असावी तर अशी” असे मला तोंडावर म्हटलेही आहे. एका रात्री तिसऱ्यांदा अंथरूण बदलावे लागले. पावसाळ्याचे दिवस, कपडे वाळत नव्हते, सकाळी शाळेत तपासणी होती. चादर ओढताना माझ्या तोंडून निघून गेले, “अजून किती दिवस हे असे चालायचे?” सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे वळविले. त्यानंतर अकरा दिवसांनी त्या गेल्या.

भगिनींनो, चार वर्षांच्या सेवेतले मला काहीच आठवत नसे. ते एक वाक्य मात्र सहा वर्षे दररोज रात्री आठवे. मीच आरोपी, मीच वकील, मीच न्यायाधीश, आणि निकाल कधीच लागत नसे. कोणी माझी स्तुती केली की अंगावर काटा येई.

शिबिरात पहिले दोन दिवस मनात शाळा, भाजी, धाकट्याची नोकरी असे काहीबाही येत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारच्या बैठकीत मन थोडे निवळले, आणि निवळलेल्या पाण्याच्या तळाशी ते वाक्य दिसले. मला वाटले, उठून घरी निघून जावे. शिकविणाऱ्या बाईंना जाऊन भेटले. सविस्तर काही बोलले नाही, एवढेच म्हटले की एक जुनी गोष्ट वर येते आणि श्वास हाती लागत नाही. त्यांनी मला समजावले नाही, सांत्वनही केले नाही. शांतपणे म्हणाल्या, “आली तर येऊ द्या. तिच्यामागे जाऊ नका. श्वासाकडे परत या.” त्या वेळी मला ते फार कोरडे वाटले. परत येऊन बसले. वाक्य आले, श्वासाकडे परतले. पुन्हा आले, पुन्हा परतले. त्या तासात असे शंभर वेळा तरी झाले असेल.

कोठे प्रकाश दिसला नाही की सासूबाईंनी स्वप्नात येऊन क्षमा केली नाही. ते घडले असते तर सांगायला सोपे झाले असते. झाले ते एवढेच की पाचव्या-सहाव्या दिवसापासून मला त्या आठवणीच्या वेळी काय होते ते दिसू लागले. आधी गळा आवळतो, मग श्वास आखूड होतो, मग ‘मी वाईट’ हे पालुपद सुरू होते. आणि त्या पालुपदात सासूबाई कोठेच नसतात! सहा वर्षे मी त्यांचे दुःख करीत नव्हते, स्वतःचेच दळण दळीत होते. जुन्या पंडितांनी रुखरुखीला अडथळ्यांत का बसविले, हे मला तेव्हा उमगले. आपण रुखरुख करणे हेच प्रायश्चित्त समजतो. पण वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या म्हणून पाणी काही स्वच्छ होत नाही. चूक झाली ती चूक म्हणून पाहावी, कबूल करावी, आणि पुढे तशी होऊ नये म्हणून सावध राहावे. बुद्धाच्या मार्गात चुकीची वाट एवढीच आहे.

घरी परतल्यावर आठ दिवसांनी मी माझ्या नणंदेकडे गेले. आई तिची, तेव्हा कबुली द्यायची तर तिच्यापाशी. सर्व सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, आता हे घर तुटले. मग ती म्हणाली, “वहिनी, तुमच्या तोंडून चार वर्षांत एक वाक्य निघाले. मी तर चार वर्षांत चार रात्रीही आले नाही. मी कोणाला सांगू?” आम्ही दोघी त्या दिवशी पुष्कळ रडलो. आता ती माझ्याबरोबर रविवारी बसते.

यावरून कोणी असे समजू नये की शिबिर म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध. माझ्याबरोबरची एक बाई तिसऱ्याच दिवशी परत गेली. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्यांचे मनाच्या आजारावर उपचार चालू आहेत, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. प्रवेशाच्या अर्जात त्याविषयी विचारलेले असते, तेथे काही लपवू नये. गुडघे दुखत असतील त्यांना खुर्ची मिळते, मागायला लाजू नये. आणि घरात मारझोड होत असेल तर त्यावर ध्यान हा उपाय नव्हे. त्यासाठी कायदा आहे आणि आपले मंडळ आहे. सहन करण्याची ताकद वाढविण्यासाठी कोणी बाईला ध्यानाला पाठवीत असेल, तर ते मला मान्य नाही.

ज्यांना दहा दिवस जाणे आज शक्य नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी ‘विसुद्धिमग्गा’तील एक सोपी रीत सांगते. शिबिरात श्वास मोजीत नाहीत, परंतु या ग्रंथात नवशिक्यासाठी मोजणे सांगितले आहे. ते कसे मोजावे? तर धान्य मापणाऱ्यासारखे! माप भरून रिते करताना मापारी “एक” म्हणतो, मध्ये काडीकचरा दिसला तर तो उचलून टाकतो, पण तोंडाने “एक, एक” चालूच ठेवतो. आपल्या धानाच्या मुलखात कुडव-पायलीने मापणारी माणसे आपण लहानपणी पाहिली आहेत. तसेच श्वासाचे करावे. विचार आला तर कचरा म्हणून बाजूला सारावा, त्याच्याशी भांडू नये, मोजणी सोडू नये. पाचाच्या आत थांबू नये, कारण अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखे मन तडफडते. दहाच्या पुढे जाऊ नये, कारण मग मन श्वास सोडून आकड्यालाच धरून बसते. पाढे शिकविणाऱ्या बाईला हा दुसरा इशारा किती खरा आहे, हे मी सांगू शकते!

सकाळी नळाला पाणी येण्यापूर्वी किंवा रात्री भांडी आवरल्यावर पंधरा मिनिटे काढावीत. शिबिर केलेल्यांनी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे असे सांगतात. मला अर्धा-अर्धा तासच जमतो, हे प्रामाणिकपणे कबूल करते. आणि कामाच्या आड ध्यान येते असे मानू नये. थेरीगाथेत पटाचारा या भिक्षुणीची कथा आहे. पती, दोन मुले, आईवडील, सर्व गमावलेली ती बाई. एकदा पाय धुताना उतारावरून वाहत जाणाऱ्या पाण्याकडे पाहता पाहता तिचे चित्त स्थिर झाले. आपले तर दिवसभर पाण्यातच हात असतात!

आता मघाचा प्रश्न. चूल कोणी पेटवायची? मी गेले तेव्हा आमच्या ह्यांना मधुमेह, वेळेवर जेवण लागते, आणि सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. मी जाणे रद्दच करणार होते. तेव्हा या मंडळातील पाच जणींनी दोन-दोन दिवस वाटून घेतले आणि दहाही दिवस डबा पोहोचविला. त्यांतल्या दोघी माझ्या धर्माच्याही नाहीत. त्यांनी मला “तेथे काय करतात?” असे एका शब्दाने विचारले नाही. “तुम्ही निर्धास्त जा,” एवढेच म्हणाल्या. माझ्या दहा दिवसांच्या मौनाला त्या पाच चुलींचा आधार होता. पुरुषांच्या वैराग्यामागे एखादी बालाबाई असते, बाईच्या दहा दिवसांमागे मंडळ असावे लागते.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, जी भगिनी ध्यानाला, शिक्षणाला, औषधोपचाराला, कशालाही दहा दिवस घराबाहेर जाईल, तिच्या घरचा डबा मंडळाने पाळीपाळीने सांभाळावा. त्यासाठी एक वही ठेवावी, तीत माझे नाव पहिले लिहावे. दुसरी, दर रविवारी सायंकाळी मंडळाच्या खोलीत अर्धा तास केवळ शांत बसण्यासाठी ठेवावा. कोणी बुद्धाचे स्मरण करो, कोणी विठ्ठलाचे, कोणी नुसता श्वास मोजो. अट एकच, त्या अर्ध्या तासात कोणी कोणाशी बोलायचे नाही.

आमच्या मंडळात हे जमेल का, अशी शंका येऊन आपण हसलात, ते मी पाहिले. मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते. एका रविवारी करून तर पाहू.